ताईंची खिडकीजवळची जागा

माझं पार्लर मंगरूळपीरला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. एक खुर्ची, समोर मोठा आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी बाकडं आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. लग्नसराईत त्या बाकड्यावर कॉलेजच्या पोरी दाटीवाटीनं बसतात आणि गप्पांचा विषय ठरलेला असतो. तो माझ्याकडे पाहतो, पण ते तसं पाहणं आहे का उगाच? स्टेटस टाकलं की लगेच पाहतो, मग बोलत का नाही? एक म्हणते, समोर आला की सारखा केसांवरून हात फिरवतो, म्हणजे नक्की. दुसरी म्हणते, सगळ्यांशी गोड बोलतो आणि माझ्याशीच भांडतो, म्हणजे नक्की. मी दोरा दातात धरून भुवया करत असते, त्यामुळे मला मधे बोलता येत नाही. बोलता आलं असतं तरी माझ्या नणंदेची गोष्ट मी त्यांना सांगितली नसती. इथं सांगते, कारण ताईंनीच होकार दिला आहे. फक्त कोणाचं नाव घालू नको, म्हणाल्या.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी सून होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती आणि त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. सासरे लवकर गेले. ताईंनी नर्सिंगचा कोर्स केला, नोकरी धरली, धाकट्या भावाचं शिक्षण केलं, विहिरीवर मोटार बसवली. स्थळं यायची तेव्हा त्या म्हणायच्या, भावाचं होऊ द्या. भावाचं झालं तोवर स्थळं यायची बंद झाली होती. घरात कोणी या विषयावर बोलत नसे. पाहुणे आले तरी तो विषय ओलांडूनच पुढं जात.

आसेगावच्या बाजूच्या एका उपकेंद्रावर त्यांची नेमणूक होती. रोज सकाळच्या एसटीनं जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. उंच, सडसडीत बाई. चाल अशी की सोबत चालणाऱ्याला अर्धं पळावं लागे. तिकडच्या गावांमधली लेकरं त्यांना पाहून आईच्या मागं लपायची, कारण सिस्टर आली म्हणजे सुई आली. बाया मात्र नवऱ्याला न सांगितलेलं त्यांना सांगायच्या. घरी त्यांचं बोलणं कामापुरतं. चहा उभ्यानंच प्यायचा. आरशात पाहायचं ते टिकली सरळ लागली का एवढ्यापुरतं. मी पार्लर काढायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांत आधी त्याच हो म्हणाल्या, मोठा आरसा त्यांनीच वाशिमहून आणून दिला. पण त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी ताई कामावरून आल्या, हातपाय धुतले आणि चहाचा कप घेऊन चक्क पाटावर बसल्या. मग बसमध्ये काय झालं ते आपणहून सांगायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं पिशवीत कोंबडी आणली होती, ती सुटली आणि थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेली. कंडक्टर कोंबडीच्या मागं, म्हातारा कंडक्टरच्या मागं. मग एका सरांनी ती रुमाल टाकून धरली, एवढं सांगून ताई थांबल्या आणि चहा प्यायला लागल्या. पुढं काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, उतरला म्हातारा.

बसमधल्या बहुतेकांना ताई नावानं ओळखत. कोणाच्या नातीला कांजिण्या झाल्या, कोणाची सून बाळंतपणाला आली, सगळं त्यांना माहीत. त्यांच्या बोलण्यात माणसं नावानिशी यायची. पण हे सर पुढच्या काही आठवड्यांत वरचेवर यायला लागले, आणि प्रत्येक वेळी 'एक सर' म्हणूनच आले, जसे काही दर वेळी निराळे सर होते. मला गंमत वाटली. मी काही विचारलं नाही.

संक्रांत झाल्यावर आसेगावला एका नवरीच्या मेकअपचं काम मिळालं. मी पेटी घेऊन ताईंसोबत सकाळच्या गाडीला निघाले. चांगलीच थंडी होती. स्टँडवर गाडी लागली तशी नेहमीसारखी झुंबड उडाली. लोकांनी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत टाकून जागा धरल्या. चाळिशी ओलांडलेल्या, अर्ध्या स्वेटरमधल्या, चष्मा लावलेल्या एका माणसानंही खिडकीतून आपली काळी बॅग टाकली आणि गर्दीतून चढून ती दोघांची सीट धरली. उन्हाच्या बाजूची जागा होती. आम्ही दोघी मागून चढलो. ताई दिसताच तो माणूस उठला, बॅग खांद्याला लावली आणि दारापाशी दांड्याला धरून उभा राहिला. ना इकडं पाहिलं, ना बसा म्हटलं. एक पोरगा त्या मोकळ्या जागेवर टेकायला गेला, तर मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "तिथं नको बसू, ते सिस्टरची जागा हाय." पोरगा गुपचूप पुढं सरकला. ताई खिडकीशी बसल्या, मी त्यांच्या बाजूला.

हेच ते 'एक सर' हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

पुढचा सगळा रस्ता मी त्यांना पाहत होते. नवऱ्या सजवता सजवता माणसाचा चेहरा वाचायची सवय लागते. काही पोरी मेकअपच्या वेळी हसतात आणि हात मात्र घट्ट आवळून बसतात, त्यांचं लग्न त्यांच्या मनासारखं नाही हे मला समजतं. त्या सरांचं तोंड कंडक्टरकडं होतं, गप्पाही त्याच्याशीच चालल्या होत्या, पण पायातल्या चपला आमच्या सीटकडं वळलेल्या होत्या. गाडीत कोणी विनोद केला, सगळे हसले. सर मात्र आधी एक क्षण थांबले, ताई हसल्या का ते पाहिलं आणि मग हसले. त्या एका क्षणाशिवाय त्यांनी इकडं पाहिलं नाही. न पाहायला त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या मानेवर दिसत होतं.

मधल्या एका थांब्यावर त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक चढले. त्यांच्याशी सर अगदी पुस्तकातली मराठी बोलले. मग ताईंकडं वळून तशाच मराठीत विचारलं की सिस्टर, शनिवारी मुलींच्या गोळ्या येतील का? शाळेतल्या मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायचं काम या दोघांकडं होतं. ताई म्हणाल्या, येतीन. त्यावर सर पटकन म्हणाले, "मंग मी पोरीइले सांगून ठेवतो." घरातल्या माणसाशी बोलावं तसं ते बोलून गेले, आणि मुख्याध्यापकांनी चमकून पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे कान लाल झाले.

आणि ताई? त्या सारा वेळ खिडकीतून बाहेर पाहत होत्या. थंडीमुळे काच लावलेली होती, धुळीनं माखलेली. ताईंनी बसल्याबरोबर पदरानं तिचा वरचा कोपरा पुसून घेतला होता. मला वाटलं, हरभऱ्याची शेतं पाहायची असतील. मग गाडी मोठ्या झाडांच्या सावलीतून गेली, काच काळी झाली, आणि त्या पुसलेल्या कोपऱ्यात दारातला दांडा दिसला, दांड्यावरचा हात दिसला, चष्मा दिसला. ताई शेतं पाहत नव्हत्या.

मी त्या दिवशी नवरी कशी सजवली ते मला आठवत नाही. ताई मात्र आठवतात. एवढी वर्षं मी त्यांना दुसऱ्यांसाठी राबताना पाहिलं होतं. स्वतःसाठी काचेचा एक कोपरा पुसताना त्या मला पहिल्यांदा दिसल्या, आणि फार सुंदर दिसल्या.

नंतरच्या एका रविवारी दुपारी पार्लरमध्ये कोणी नव्हतं. ताई पडदा सारून आत आल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

"पोरी, भुवया करते का? लय बारीक नको करू."

मी दोरा काढला. पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकीच्या डोळ्यांत पाणी येतं तसं त्यांच्याही आलं. हजारो लेकरांना सुया टोचणाऱ्या या बाईनं खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. एक भुवई झाल्यावर मला राहवलं नाही.

"ताई, त्या सरांच्या मनात काही हाय."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तुले कसं कळलं?"

"अख्ख्या बसले कळते."

खुर्चीचे दांडे त्यांनी सोडले. मग म्हणाल्या, "मले बी कळते व. मी का आंधळी हाव? पण त्यानं अजून तोंडातून काही काढलं नाही. काढलं का मले उत्तर द्या लागते. तवर मले ते खिडकीची जागा बरी वाटते."

मग त्यांनी मला बाकीचं सांगितलं. सरांची बायको आजारानं गेलेली, मूलबाळ नाही, मंगरूळपीरलाच म्हाताऱ्या आईसोबत राहतात. आणि ते बौद्ध आहेत. आम्ही कुणबी. एवढं सांगून ताई म्हणाल्या, आता दुसरी भुवई कर, अर्धी नको ठेवू. काम झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. टिकलीकडं नव्हे, सगळ्या चेहऱ्याकडं, बराच वेळ. मी उगाच कंगवे धुवायला मागं गेले.

उन्हाळा लागता लागता ताईंना टायफॉइड झाला. सुट्टी न घेणाऱ्या ताई आतल्या खोलीत खाटेवर पडून राहिल्या. चेहरा एवढासा झाला. त्या आजारपणाचे बरेच दिवस लोटल्यावर एका दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सर आमच्या घरी आले.

पुढं ओट्यावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या, सुपात हरभरा निवडत. आईंबद्दल सांगायला हवं. सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या. रागावल्या तरी आवाज चढत नसे, म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची. शिवाशिवीचं त्या उघड काही बोलत नसत, पण स्वयंपाकघरात कोण येतं न् कोण नाही हे त्यांच्या नजरेवरून ठरायचं. मी पार्लरमध्ये एका बाईच्या तोंडाला पॅक लावून बसले होते. पडद्याच्या फटीतून मला ओटा दिसत होता.

सरांनी फाटकापाशी चपला काढल्या, खरं तर तिथं कोणी काढत नाही. सिस्टर बऱ्या आहेत का, त्यांनी विचारलं. आईंनी खुर्चीकडं बोट दाखवलं, मला हाक मारून पाणी मागितलं. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला आणि पडद्याआड परत आले. सर गोळ्यांचं सांगू लागले. गोळ्या शाळेत येऊन पडल्या आहेत, सिस्टर नसल्यामुळे वाटप अडलं आहे, आठवीच्या मुलींपासून सुरू करायचं का पाचवीच्या, ते विचारायला आलो. ग्लास त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. आई हरभरा निवडत ऐकत होत्या.

तेवढ्यात आतून ताईंच्या खोकल्याचा आवाज आला. सर बोलता बोलता थांबले. शब्द तोंडातच अर्धा राहिला. ते आतल्या दाराकडं पाहत राहिले. खोकला लांबला, तसा त्यांचा श्वास अडकल्यासारखा झाला, खांदे वर आले. खोकला थांबला तेव्हा खांदे खाली आले. हां, तर, असं म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण आपण काय सांगत होतो ते काही केल्या त्यांना आठवेना.

आईंचे हात सुपातच थांबले होते. त्यांनी विचारलं, गाव कोणतं, नाव काय, पूर्ण सांगा. सरांनी पूर्ण नाव सांगितलं. आडनावावरून काय कळायचं ते कळत होतं, आणि हे सरांनाही माहीत होतं. आडनाव सांगताना त्यांचा आवाज खाली गेला नाही की उगाच वर चढला नाही. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो अजून तसाच आहे.

आईंनी सूप बाजूला ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या, पाणी प्या. सरांनी हातातल्या ग्लासाकडं पाहिलं, घाईनं पाणी प्यायले, नमस्कार करून गेले. चहाला आईंनी थांबवलं नाही. ताईंना भेटवलंही नाही.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. आई येऊन बसल्या.

"तो मास्तर गोळ्याइचं इचाराले आलता का?"

मी म्हटलं, हो ना, शाळेचं काम असते त्यांचं.

"मले नको सांगू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. "तुह्या सासऱ्यानं मले कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. चांगला मानूस व्हता. पण मी खोकलली म्हून तो बोलता बोलता कधी थांबला नाही."

माझे हात कणकेत तसेच राहिले. या बाईच्या मनात असं काही असेल असं मला एवढ्या वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस त्यांनी विषयच काढला नाही. मी समजले, संपलं. घरात नेहमीसारखं चाललं होतं, फक्त आई देवापुढं जास्त वेळ बसत होत्या. मग एका सकाळी ताईंना मुगाची पातळ खिचडी द्यायला त्या स्वतः गेल्या. मी औषध घेऊन मागं होते. वाटी हातात देत आई म्हणाल्या, "तो मानूस पाणी प्याचं इसरला व्हता."

ताईंनी चमचा खाली ठेवला.

"माह्यासाठी हे सोपं नाही," आई म्हणाल्या. "मले येळ लागन. लय येळ लागन. पण तू माह्यासाठी थांबू नको. लय थांबली तू."

ताईंनी वाटी बाजूला ठेवली. त्यांनी आईचा हात धरला आणि तो कपाळाला लावून बसून राहिल्या. मी औषधाची बाटली ठेवून बाहेर आले.

ताई पुन्हा कामावर जायला लागल्या तेव्हा अशक्तपणा होताच, म्हणून पहिल्या दिवशी मी सोबत गेले. स्टँडवर सर होते. ताईंना पाहून ते दोन पावलं पुढं आले आणि तिथंच थबकले. बऱ्या झाल्या का, एवढं विचारलं. ताई हो म्हणाल्या. गाडी लागली, बॅग खिडकीतून पडली, जागा धरली गेली, ताई आल्यावर सर उठले. सगळं जुन्यासारखं. ताई खिडकीशी बसल्या. मी बाजूला बसायला गेले तर त्यांनी आपली पर्स बाजूच्या जागेवर ठेवली आणि मला डोळ्यांनीच पुढची सीट दाखवली. मी पुढं जाऊन बसले.

गाडी भरली. माणसं उभी राहिली. त्या पर्सकडं सगळे पाहत होते, पण कोणी उचला म्हणालं नाही. गाडी स्टँडच्या बाहेर पडली तेव्हा ताईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सर, बसा इथं. उभे काहून राहता?"

शहरात राहणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटेल. पण रोजच्या त्याच गाडीत, ओळखीच्या माणसांसमोर, लग्न न झालेल्या बाईनं एका पुरुषाला आपल्या शेजारी बोलावून बसवणं म्हणजे काय हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला कळलं. गप्पा थांबल्या. कंडक्टर तिकिटं फाडत होता, तो तिकीट हातात धरून उभा राहिला. सर आले आणि सीटच्या अगदी कडेवर बसले. अर्धं अंग बाहेरच होतं, दोघांच्या मधे एक लेकरू मावेल एवढी जागा. मी मागं वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. ताईंनी काच उघडली होती आणि वारा त्यांच्या तोंडावर येत होता. सर समोर पाहत होते, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसवलेल्या माणसासारखे. मागच्या सीटवरची ती बाई, सिस्टरची जागा राखणारी, पदर तोंडाला लावून रडत होती का हसत होती मला समजलं नाही. पुढं बऱ्याच अंतरावर गाडीनं खड्ड्यात गचका खाल्ला, सर मागं टेकले, आणि मग टेकूनच राहिले.

त्यांच्यात काय बोलणं झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. सरांनी फक्त विचारलं होतं, तुमच्या घरी येऊन मी आईंशी बोलू का? ताई म्हणाल्या, आईचं झालं, आधी भावाशी बोला.

हे कळलं तेव्हा माझ्या नवऱ्याला जड गेलं. बहिणीनं त्याला बापाच्या जागी राहून वाढवलं होतं. ती जाणार हेच त्याच्या मनाला पटेना, त्यात चुलतसासरे घरी येऊन बरंच काही बोलून गेले. लोक काय म्हणतील, पोरांच्या सोयरिकी कशा होतील, हे तर बोललेच, त्याहून वाईटही बोलले. ताई तिथंच उभ्या होत्या. सगळं बोलून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, काका, तुमचं झालं असन तर चहा ठेवते. काकांनी चहा घेतला नाही. माझा नवरा दोन दिवस गुमसुम राहिला आणि मग मला न सांगता सरांच्या घरी गेला. स्पष्ट बोलून येतो असं ठरवून गेला होता. जेवूनच परत आला. मी विचारलं, काय बोलणं झालं? म्हणाला, काही नाही. त्यांच्या आईला दिसत नाही नीट, तर सर भाकर मोडून दुधात कालवून देत होते आणि माझ्याशी बोलत होते. मी बसलो पाहत.

लग्न वाशिमला नोंदणी पद्धतीनं झालं. कामाचा दिवस होता. दोन हार, चार साक्षीदार, आणि रोजच्या गाडीचा तो कंडक्टर खास सुट्टी घेऊन आला होता. मग मंगरूळपीरला सरांच्या घरी बुद्धवंदना ठेवली होती. ताईंनी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती, मेकअप मी केला होता. त्यांचे हात मांडीवर सैल पडलेले होते. मी एवढ्या नवऱ्या सजवल्या, पण इतकं निवांत बसलेली नवरी मला दुसरी आठवत नाही.

आई येतील का याची कोणालाच खात्री नव्हती. त्या आल्या. डोक्यावरून पदर घेऊन भिंतीशी बसल्या. सगळ्यांनी हात जोडले तेव्हा त्यांनीही जोडले. नंतर पंगत बसली, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, माहा आज उपास हाय. त्या दिवशी त्यांचा कसलाही उपास नव्हता हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंची मान खाली गेली. वाढणाऱ्या बाया घोटाळल्या. माझा नवरा ताटावरून उठायला लागला.

सरांची आई हे ऐकत होती. ती भिंतीला धरून उठली, चाचपडत आत गेली आणि जरा वेळानं एका हातात केळं अन् दुसऱ्या हातात दुधाचा पेला घेऊन आली. आईंसमोर बसून म्हणाली, "उपासाले हे चालते, बाई. उपाशी नका जाऊ लेकीच्या घरून."

आईंनी तिच्याकडं पाहिलं. मग केळं घेतलं, सोललं, अर्धं मोडून तिच्या हातात दिलं. अर्धं स्वतः खाल्लं आणि वर दूध प्यायल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर बसून केळं खात होत्या. त्या घरी आई पोटभर जेवायला पुढं बरेच महिने जावे लागले. त्यांनी म्हटलं होतं तसा वेळ लागलाच. पण त्या जेवल्या.

काका अजून आमच्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले की तोंड फिरवतात. माझ्या दोन गिऱ्हाइकांनीही येणं बंद केलं, त्यातली एक नंतर परत आली.

ताईंनी आता स्कूटी घेतली आहे. सरांना चालवता येत नाही आणि शिकायचंही नाही, म्हणून सकाळी ताई चालवतात आणि सर मागं बसतात. मांडीवर दोघांचे डबे, पाठीवर बॅग. माझ्या पार्लरच्या दारावरूनच त्यांचा रस्ता जातो. सुरुवातीला चौकातली पोरं हसायची, सरांनी त्यांच्याकडं पाहून हात हलवायला सुरुवात केली, मग ती पोरंही हात हलवायला लागली. परवा मी दार झाडत होते तेव्हा दोघं गेले. ताईंचं लक्ष रस्त्यावर होतं, वेग नेहमीसारखाच जास्त. सर मागून काहीतरी सांगत होते, आणि ताई अर्ध्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसत होत्या.